अठरा पेटाबाइट, व्हाया वडखळ

पेणहून एक छोटा हत्ती टेम्पो भरून रोह्याला निघाला आहे असं समजा. हौद्यात गणपतीच्या मूर्ती नाहीत, पोह्यांची पोती नाहीत. कॉम्प्युटरच्या बॅकअपच्या एक हजार टेप आहेत, एलटीओ-९ जातीच्या, म्हणजे २०२१ साली बाजारात आलेल्या. एक टेप तळहातावर मावते आणि तिचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. हजार टेपचे झाले दोनशे किलो. हौदा निम्मासुद्धा भरत नाही. एका टेपवर १८ टेराबाइट, म्हणजे हजार टेपवर १८ पेटाबाइट. वडखळ, नागोठणे करत चाळीसेक किलोमीटर जायला दोन तास धरू. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना दोन तास जास्त वाटायचे नाहीत.

आता भागाकार करा. १८ पेटाबाइट भागिले ७,२०० सेकंद. उत्तर येतं सेकंदाला अडीच टेराबाइट. इंटरनेटवाल्यांच्या भाषेत वीस हजार गिगाबिट. ऑफिसात असते तशा १०० एमबीपीएसच्या दोन लाख लाइनी एकाच वेळी पूर्ण दाबाने वाहिल्या तर जेवढा माल जाईल, तेवढा या एका टेम्पोतून जातो. वडखळ नाक्यावर तो आणखी दोन तास अडकला, तरी एक लाख लाइनींची बरोबरी करेल.

उलटा हिशोब आणखी गमतीचा. तेच १८ पेटाबाइट १०० एमबीपीएसच्या एका लाइनवरून, एक सेकंदही न थांबता पाठवायचे ठरवले, तर १६,६६६ दिवस लागतात. साडेपंचेचाळीस वर्षांहून थोडे जास्त. कुलाबा जिल्ह्याचं नाव १ जानेवारी १९८१ रोजी रायगड झालं. त्या दिवशी पेणहून पहिला बाइट सोडला असता, तर शेवटचा बाइट रोह्याला २०२६ च्या श्रावणात पोचला असता.

ही कल्पना काही माझी नाही. टेप भरलेल्या गाडीच्या वेगाचा विनोद कॉम्प्युटरवाल्यांत कित्येक दशकं चालत आला आहे, आणि तो विनोदच राहिला असंही नाही. ॲमेझॉनने २०१६ साली ४५ फुटी कंटेनर ट्रकमध्ये १०० पेटाबाइटची सोय करून तो गिऱ्हाइकाच्या दारात उभा करण्याची सेवा काढली होती. २०२४ मध्ये ती बंद केली.

पण या टेम्पोच्या गणितात एक लबाडी आहे. टेप भरायला लागणारा वेळ मी धरलेला नाही. एलटीओ-९ च्या ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला ४०० मेगाबाइट. एक टेप काठोकाठ भरायला साडेबारा तास लागतात. हजार टेप एकाच ड्राइव्हवर भरायच्या म्हणजे साडेबारा हजार तास, ५२१ दिवस. दोन तासांच्या प्रवासासाठी दीड वर्षाची बांधाबांध. बॅकअप जलद करायचा म्हणजे काय करायचं, हा सगळा प्रश्न या ५२१ दिवसांत आहे. रस्त्यावरचे दोन तास कोणाला नडत नाहीत.

आधी त्या टेपमध्ये काय आहे ते जवळून पाहू, कारण ही वस्तू आता फार थोड्या लोकांच्या हातात येते. काळ्या प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीत एकच रीळ असतं. त्यावर अर्ध्या इंच रुंदीची १,०३५ मीटर फीत गुंडाळलेली. फितीची जाडी ५.२ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे एका केसाच्या जाडीत तेरा पदर बसतील. ही फीत रस्त्यावर पसरली तर किलोमीटरभर जाईल, पण क्षेत्रफळ पाहिलं तर जेमतेम १४० चौरस फूट. चाळीतल्या एका खोलीएवढ्या पृष्ठभागावर १८ लाख कोटी बाइट.

एवढे बाइट म्हणजे किती, हे मनाला पटत नाही. म्हणून ते वाटून टाकू. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२०० होती. एका टेपमधली जागा सगळ्यांना सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६८ लाख बाइट येतात. देवनागरीतलं एक चिन्ह कॉम्प्युटरमध्ये सहसा तीन बाइट खातं (इंग्रजीचं एकच खातं, हा अन्याय आपण निमूट सोसत आलो आहोत). तरीसुद्धा पानाला दोन हजार चिन्हं धरली तर तीनशे पानांची तीन पुस्तकं प्रत्येकाच्या नावे ठेवता येतात आणि वर जागा उरते. पेण, रोहा, अलिबाग, महाड, पनवेल, सगळ्या तालुक्यांतल्या तान्ह्या बाळांसकट सगळ्यांच्या नावे. एका डबीत.

हे साधतं कसं? फितीवर ८,९६० समांतर मार्ग असतात. लिहिणारं हेड एका वेळी ३२ मार्गांवर लिहितं. फीत टोकाला गेली की हेड किंचित सरकतं, फीत उलटी धावू लागते आणि पुढचे ३२ मार्ग भरतात. अशा २८० फेऱ्या झाल्या की टेप भरते. २८० फेऱ्यांत फीत हेडसमोरून २९० किलोमीटर धावलेली असते. रोह्याहून कोकण रेल्वेने निघालात तर एवढ्या अंतरात रत्नागिरी मागे पडून सिंधुदुर्गाची वेस येते. आणि ८,९६० मार्ग एकापुढे एक जोडले तर लांबी होते ९,२७० किलोमीटर. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर आहे. तिच्या साडेबारापट मार्ग त्या डबीत गुंडाळलेला असतो. आयबीएमने मे १९५२ मध्ये आपला पहिला टेप ड्राइव्ह जाहीर केला तेव्हा एका रिळावर सुमारे वीस लाख आकडे मावत. आजची एक डबी त्या काळच्या नव्वद लाख रिळांना पुरून उरते.

गंमत म्हणजे ही फीत फार जोरात धावत नाही. हिशोब केला तर ताशी २३ किलोमीटर. सायकलवाला गाठेल. हार्ड डिस्कची तबकडी मात्र मिनिटाला ७,२०० वेळा फिरते. तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरने पळत असते. तरी एका डिस्कला सलग लिहिताना सेकंदाला दोनशे-अडीचशे मेगाबाइट जमतात आणि टेपला चारशे. डिस्कचं हेड एका वेळी एकाच रेघेवर काम करतं, टेपचं बत्तीस रेघांवर.

मग ऑफिसातला बॅकअप रात्रभर चालून सकाळी अर्धवट का सापडतो?

एक नमुना घेऊ. एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर आहे. त्यावर सह्यांचे नमुने, केवायसीचे कागद, पावत्या, पासबुकाच्या प्रती, अशा मिळून पन्नास लाख फायली. प्रत्येक सरासरी २० केबीची, म्हणजे एकूण १०० जीबी. आजच्या मानाने किरकोळ. पोराच्या मोबाइलमध्ये याहून जास्त असतं. ही १०० जीबी डिस्कवर एका रांगेत असती, तर सेकंदाला २०० मेगाबाइटने ५०० सेकंदांत वाचून झाली असती. आठ मिनिटं वीस सेकंद.

पण फायली रांगेत नसतात. त्या गेल्या दहा वर्षांत जशा आल्या तशा तबकडीभर विखुरलेल्या असतात. एक फाइल वाचायची म्हणजे हेडने जागेवर सरकायचं, सुमारे ८ मिलिसेकंद. मग हवी ती जागा फिरून हेडखाली येईपर्यंत थांबायचं, सरासरी अर्धा फेरा, ४ मिलिसेकंद. एकूण १२. डोळ्याची पापणी लवायला याच्या आठ-दहापट वेळ लागतो. पण बारा मिलिसेकंदांना पन्नास लाखांनी गुणा. साठ हजार सेकंद येतात, सोळा तास चाळीस मिनिटं. तोच माल, तीच डिस्क. आठ मिनिटांचे सतरा तास. हाही अंदाज सौम्य आहे. खरं तर प्रत्येक फाइलसाठी आधी तिची नोंद शोधावी लागते, म्हणजे हेडची आणखी एक खेप. वर अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून हुंगत असेल तर विचारूच नका.

या वेगाने डिस्ककडून किती माल सुटतो? सेकंदाला ८० फायली, म्हणजे १.६ मेगाबाइट. आणि पलीकडे टेप बसली आहे सेकंदाला ४०० मेगाबाइट गिळायला. ती अडीचशेपट भुकेली आहे. अशा वेळी टेपची हालत पाहण्यासारखी होते. ड्राइव्ह आपला वेग थोडाफार कमी करू शकतो, पण एका मर्यादेखाली फीत हळू चालवता येत नाही. माल संपला की ती थांबते. पण धावती फीत जागच्या जागी थांबत नाही, थोडी पुढे जाते. मग मागे घ्यायची, पुन्हा धाव घ्यायची, जिथे लिहिणं तुटलं त्या जागी वेग जुळवायचा, चार थेंब लिहायचे, पुन्हा थांबायचं. ड्राइव्हजवळ कान नेला तर कण्हल्यासारखा पुढे-मागे आवाज येतो. बूट पुसणाऱ्याचं फडकं जसं चालतं तशी फीत चालते आणि तंत्रज्ञ तिला तेच नाव देतात. अशा एका हिसक्यात तीन सेकंद गेले, तर तेवढ्यात १२० कोटी बाइट लिहून झाले असते. शिवाय फीत आणि हेड दोन्ही झिजतात. ऑफिसात मग कोणीतरी म्हणतं, टेप स्लो आहे, बदलून टाका. टेपचा काही दोष नाही. तिला वेळेवर जेवायला मिळत नाही.

म्हणूनच टेप जलद करण्याचा पहिला उपाय डिस्कवर करायचा असतो. मधे एक डिस्कची रांग ठेवायची. सगळ्या सर्व्हरांचा बॅकअप आपापल्या कूर्मगतीने आधी तिथे जमू द्यायचा, मोठमोठ्या सलग फायलींच्या रूपात. डिस्कला थांबण्याचं काही वाटत नाही. तिथलं जमलं की एका दमात ते टेपवर ओतायचं. आपल्या पतसंस्थेचे १०० जीबी अशा रीतीने टेपवर जायला २५० सेकंद लागतात, चार मिनिटांच्या जरा वर. दुसरा उपाय, फायली एकेक करून उघडायच्याच नाहीत. अख्ख्या डिस्कचं चित्र ओळीने, पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत, उचलायचं. म्हणजे हेडची पळापळ मिटते आणि सतरा तास पुन्हा काही मिनिटांवर येतात. एकाच वेळी पाच-दहा सर्व्हरांचा माल विणून एका टेपवर सोडण्याची युक्तीही आहे. बॅकअपला ती बरी. पण परत काढताना एका सर्व्हरचा धागा सोडवण्यासाठी सगळी वेणी उलगडावी लागते, आणि तेव्हा तिचा त्रास कळतो.

वेग एवढा का लागतो, असं कोणी विचारेल. रात्र मोठी असते की. पण पेण-रोह्याच्या पट्ट्यात रात्र आता फारशी उरलेली नाही. पेण तालुक्यात डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे. त्याची क्षमता वर्षाला एक कोटी टनांची, म्हणजे सेकंदाला तीनशे किलोंहून जास्त पोलाद, चोवीस तास. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रिॲक्टर तापलेला असताना कोणी म्हणणार नाही की बॅकअप चालू आहे, सिस्टिम दोन तास बंद ठेवा. रोह्यात रंगद्रव्यं बनवणाऱ्या सुदर्शन केमिकलने तर २०२५ मध्ये जर्मनीची ह्यूबाख कंपनी घेतली. अशा उद्योगात इथली रात्रपाळी चालू असते तेव्हा कुठल्या तरी देशात दुपारच्या जेवणाची सुट्टी चालू असते. सगळे झोपलेत असा तासच कॅलेंडरमध्ये सापडत नाही. दहा टेराबाइटचा पूर्ण बॅकअप टेपच्या पूर्ण वेगाने घ्यायलाही सात तास लागतात, आणि पूर्ण वेग रोज मिळत नाही हे वर पाहिलंच.

तेव्हा पूर्ण बॅकअप आठवड्यातून एकदा आणि रोज फक्त बदललेलं तेवढं. दहा टेराबाइटमध्ये दिवसाला दोन टक्के बदल धरला तर २०० जीबी. टेपवर जायला सव्वाआठ मिनिटं. सात तासांची सव्वाआठ मिनिटं झाली. आणखी कमी करायचं तर जे सारखंच आहे ते पुन्हा पुन्हा ठेवायचं बंद करायचं. इथे पेणकरांना फार समजावून सांगायला नको. गणपतीच्या कारखान्यात एक मूळ मूर्ती घडते, तिचा रबरी साचा होतो आणि त्या साच्यातून हजारो मूर्ती निघतात. हजार मूर्ती जपून ठेवायच्या असतील, तर गोदाम भरण्याऐवजी साचा एकदाच ठेवा आणि कोणत्या मूर्तीला कोणता रंग, कोणाची आखणी कशी, एवढ्याच चिठ्ठ्या ठेवा. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच घडतं. पन्नास कॉम्प्युटरांवर तीच विंडोज असते. एकच पत्रक शंभर जणांच्या मेलमध्ये पडलेलं असतं. सॉफ्टवेअर डेटाचे बारीक तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढतं आणि तो ठसा आधी दिसला असेल तर तुकडा न ठेवता नुसती खूण ठेवतं. शंभर मेलमधलं पाच एमबीचं पत्रक ५०० ऐवजी पाचच एमबी खातं.

पण यात मेख आहे, आणि विकणारे ती बारीक अक्षरात सांगतात. साचा फुटला तर हजार मूर्ती गेल्या. बॅकअप जेवढा काटकसरीचा, तेवढा तो परत उभा करायला किचकट. रविवारचा पूर्ण बॅकअप आणि सहा दिवसांचे तुकडे असतील, तर शनिवारी सर्व्हर बसल्यावर सात गोष्टी क्रमाने जुळाव्या लागतात. बुधवारचा तुकडा वाचला गेला नाही तर पुढचं सगळं लटकतं. माझं मत विचाराल तर, बॅकअपला किती वेळ लागतो हा प्रश्नच दुय्यम आहे. रिस्टोअरला किती लागतो ते विचारा. कंपनी बुडते ती रिस्टोअरच्या तासांत.

याचा धडा रायगड जिल्ह्यानेच पाहिला आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरला. उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनल मर्स्क समूहाकडे आहे. त्याची कॉम्प्युटर यंत्रणा बंद पडली आणि काम हाताने करायची पाळी आली. तेव्हा वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याची क्षमता असलेलं हे टर्मिनल. तासाला २०५ कंटेनर झाले. कोणता कंटेनर कोणाचा, कुठे ठेवलाय, कोणत्या जहाजावर चढायचाय, हे सगळं ज्या पडद्यावर दिसायचं तो पडदा काळा. पेणच्या परदेशी जाणाऱ्या मूर्तींपासून धाटावच्या रसायनांपर्यंत सगळ्यांना जवळचं बंदर हेच.

मर्स्कने पुढे जे केलं त्याचे आकडे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होसला सांगितले: दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० ॲप्लिकेशन नव्याने बसवली. ४९,००० यंत्रं भागिले २४० तास. तासाला २०४. उरणच्या टर्मिनलची क्षमता तासाला जेवढ्या कंटेनरांची, जवळजवळ तेवढीच यंत्रं जगभरची माणसं तासाला उभी करत होती. निव्वळ योगायोग आहे, पण त्या वेगाची कल्पना त्यावरून येते. दर अठरा सेकंदांना एक यंत्र. नुकसान कंपनीनेच सांगितलं, २५ ते ३० कोटी डॉलर.

आणि हे जमलं ते एका वीज जाण्याच्या कृपेने. कोण कर्मचारी, कोणाला कुठे प्रवेश, ही सगळी ओळखपाळख जे सर्व्हर ठेवतात ते मर्स्ककडे जगभरात दीडशेच्या आसपास होते. ते एकमेकांशी सतत जुळत राहायचे, म्हणजे प्रत्येक जण बाकीच्यांचा बॅकअप. कागदावर दीडशे प्रती. पण सगळ्या एकाच तारेला बांधलेल्या असल्याने व्हायरसने सगळ्या एकदम पुसल्या. उरला एक, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. महावितरणचे ग्राहक हे वाक्य पुन्हा एकदा वाचतील. त्यावरचे काहीशे जीबी इंग्लंडला पाठवायचे तर तिथली लाइन इतकी बारीक की दिवस गेले असते. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण विमानाने नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर दुसऱ्याच्या हातात हार्ड डिस्क दिली आणि तो ती घेऊन लंडनला गेला. आपला वडखळचा टेम्पो हाच, फक्त विमानाने.

टेपचा खरा गुण इथे आहे. भरून झाली की ती ड्राइव्हमधून काढता येते. कपाटातल्या टेपला तार नसते. तिला व्हायरस लागत नाही आणि चुकीची आज्ञाही पोचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या एका सॉफ्टवेअरमधल्या चुकीने जीमेलच्या काही वापरकर्त्यांचे मेल उडाले. प्रमाण ०.०२ टक्के. अनेक डेटा सेंटरांत प्रती होत्या, त्या प्रतींपर्यंतही चूक पोचली. गूगलने ते मेल परत आणले टेपवरून. जगातल्या सगळ्यात मोठ्या कॉम्प्युटरवाल्यांनाही शेवटी कपाट उघडावं लागलं. टेप ही म्हातारी झाली असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा: २०२४ मध्ये जगात १७६.५ एक्साबाइट क्षमतेच्या एलटीओ टेप विकल्या गेल्या, तोवरचा उच्चांक. हा आकडा डेटा दाबून बसवण्याची क्षमता धरून आहे, म्हणजे थोडा फुगवलेला. पण अर्धा केला तरी भोवळ आणतो.

वाचताना चूक होण्याचा हिशोबही टेपच्या बाजूने आहे. मोठ्या सर्व्हरसाठी बनवलेल्या हार्ड डिस्कबद्दल उत्पादक सांगतात की एकावर पंधरा शून्यं इतके बिट वाचल्यावर एखादा न वाचता येणारा निघू शकतो. म्हणजे १२५ टेराबाइटमागे एक. एलटीओ-९ साठी हाच आकडा एकावर वीस शून्यं. सव्वा कोटी टेराबाइटमागे एक. कमतरता एकच, पण मोठी: टेपवर एखादी फाइल शोधायची तर फीत तिथवर पळवावी लागते, मिनिटभर जातो. डिस्कचे बारा मिलिसेकंद आणि टेपचं एक मिनिट, पाच हजारपट फरक. म्हणून कोणी चुकून पुसलेली एक फाइल डिस्कवरून परत द्यावी आणि अख्खी कंपनी परत उभी करायची वेळ आली तर टेप काढावी.

राहिला प्रश्न, टेप ठेवायची कुठे. पेणच्या ऑफिसने रोह्याला आणि रोह्याच्या कारखान्याने पेणला ठेवावी, ही सूचना मी ऐकली आहे. आग किंवा चोरीपुरती ती ठीक. पण दोन गावांत सरळ रेषेत अंतर जेमतेम ३३ किलोमीटर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा जिल्ह्यात अनेक ठिकाणी वीज आणि मोबाइल दोन्ही दिवसेंदिवस बंद होते. २६ जुलै २००५ चा पाऊसही तालुका विचारून पडला नव्हता. दोन्ही प्रती एकाच वादळात सापडत असतील तर ती मोजायला दोन, कामाला एक. दुसरी प्रत सह्याद्रीच्या पलीकडे हवी.

आणि एक गोष्ट कुठलाही बॅकअप देत नाही: नोंद खरी असल्याची हमी. पेण अर्बन बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले आणि तपासात बोगस कर्जखाती निघाली. खोटी नोंद आणि खरी नोंद टेपला सारखीच. ती दोन्ही सेकंदाला ४०० मेगाबाइटने, एकही बिट न चुकता जपून ठेवते. निदान जुन्या प्रती शाबूत असल्या तर कोणती नोंद कोणत्या तारखेला शिरली हे तपासणाऱ्याला दिसू शकतं. तेवढ्यासाठी तरी जुन्या टेपवर नवं लिहायची घाई करू नये.

एलटीओचा ड्राइव्ह काही लाखांना पडतो, तेव्हा पेणच्या प्रत्येक दुकानदाराने तो घ्यावा असं मी म्हणणार नाही. टॅलीवर चालणाऱ्या धंद्याला दोन पोर्टेबल हार्ड डिस्क पुरतात. एक जोडलेली, दुसरी काढून पुण्याला किंवा साताऱ्याला नातेवाइकाकडे, आणि महिन्यातून एकदा अदलाबदल. पण कारखाना असो की किराणा, एक काम या आठवड्यात करा. आपल्या कॉम्प्युटरवाल्याला गेल्या महिन्यातली एखादी फाइल बॅकअपमधून काढून दाखवायला सांगा आणि घड्याळ लावून बसा. फाइल निघाली तर किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. मग एखादा रविवार देऊन अख्खा सर्व्हर दुसऱ्या मशीनवर उभा करून पाहा. आणि डिस्क घेऊन घाट चढणाऱ्या माणसाचं एसटीचं भाडं बिनातक्रार मंजूर करा. बॅकअपच्या सगळ्या खर्चात ते सर्वांत स्वस्त आहे.